हौसामावशींची शपथ

“वैनी, तेवढी माझी शपथ सोडा,” हौसामावशी म्हणाल्या, तेव्हा मी गार्गीच्या डब्यात शिरा भरत होते. सोमवार होता, सव्वासात वाजले होते आणि आठला मला लॅबमध्ये हजर व्हायचं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डब्याचं झाकण नीट बसलं होतं, तरी ते काढून पुन्हा बसवलं.

“कसली शपथ?”

“तुमी घातल्याली. पोरीच्या डोस्क्यावर हात ठिवून.”

आठवत तर होतीच. अशी गोष्ट विसरायला माणूस फार भाबडं तरी असावं लागतं नाहीतर फार बनेल. मी दोन्ही नव्हते. मी नुसती अडलेली होते.

त्या वेळी आम्ही सांगलीत विश्रामबागला राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि चार वर्षांची गार्गी. माझा नवरा शशांक पाटबंधारे खात्यात चिपळूणला होता आणि एक शनिवार सोडून घरी यायचा. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. तीन वर्षं हंगामी राबल्यावर आता कायम होण्याचा कागद दिवाळीपर्यंत निघेल, असं साहेब सांगत होते. तोवर एकही दांडी चालणार नव्हती. रजा तर केव्हाच संपल्या होत्या. त्या बायांनी संपवल्या.

हौसामावशींच्या आधी आमच्याकडं तीन बाया होऊन गेल्या. पहिली दुपारी अशी गाढ झोपायची की गार्गी रांगत जिन्यापर्यंत पोचली तरी तिला पत्ता नाही. दुसरी जत्रेला म्हणून दोन दिवसांची रजा घेऊन गेली ती गेलीच. तिसरी गुणाची होती, म्हणून समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी तिला फोडली. दर वेळी बाई गेली की शशांक फोनवर एकच बोलायचा, “नोकरी सोड आणि इकडं ये. सोपं आहे.” कुणाला सोपं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

मग नाक्यावरच्या फुलवालीनं हौसामावशींना आणलं. कवठेमहांकाळकडच्या, पंचेचाळिशीच्या, नवरा गेलेला, एकुलती मुलगी शालन अथणीकडं दिलेली. गावात दोन खोल्यांचं घर, त्याला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. त्या आमच्याकडंच राहू लागल्या. गार्गीला भरवताना त्या गल्लीतल्या एकेका कुत्र्याची हकिगत सांगायच्या, कुणाचं कुणाशी लग्न ठरलंय वगैरे, आणि पोरगी आ वासून ऐकताना वाटीभर भात संपायचा. पंधरा दिवसांत माझं घर घर वाटायला लागलं. आणि त्याच पंधरा दिवसांत मला धास्ती बसली, की ही पण जाणार.

गल्लीतली पोरं खेळताना उठसूट शपथा घ्यायची. मावशी त्यांना तशी सोडत नसत. एकानं दुसऱ्याला शपथ घातली, की घालणाऱ्याला धरून “सुटली म्हन आधी” म्हणून वदवून घ्यायच्या. ज्यानं घातली त्यानं सोडेपर्यंत ती अंगावर राहते, आणि मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला भोवते, असा त्यांचा पक्का हिशेब होता. मी ते ध्यानात ठेवलं होतं. एकदा त्या म्हणाल्या, पेरणीला चार दिवस गावाकडं जाऊन येते. मला जत्रेला गेलेली आठवली. मी गार्गीला हाक मारली, मावशींचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “म्हणा, ही पहिलीला जाईपर्यंत हिला सोडून जाणार नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “वैनी, पोरीच्या डोस्क्यावर नगं. माझ्या डोस्क्यावर घ्या काय ती.”

“नाही. हिच्याच.”

त्यांनी शपथ घेतली. त्यानंतर गावाला जायच्या त्या पहिल्या एसटीनं, आणि दिवेलागणीला परत. माझा जीव भांड्यात पडला. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणारी बाई मी, पोरं कशानं आजारी पडतात ते मला चांगलं ठाऊक. माझ्या लेखी ते नुसते शब्द होते. त्यांच्या लेखी ते काय होते, तेही मला ठाऊक होतं, म्हणून तर मी ते वापरले.

“शालनला सातवा सरत आला,” सोमवारी सकाळी मावशी सांगत होत्या. “ऐतवारी तिच्या सासरी वटी भरत्यात. तवा मला तिला आणाय जायाचं हाय. पयलं बाळंतपण माह्यारीच व्हाय पायजे. बाळंतीण उठंपतूर मला गावाकडं ऱ्हावं लागंल.”

“म्हणजे किती दिवस?”

“चार म्हैनं धरा.”

चार महिने. दिवाळी त्यातच येत होती.

“मग शालनला इकडंच आणा ना,” मी म्हणाले. मला ते फार उदार वाटलं. “डॉक्टर हाताशी आहेत. आणि हे काय परकं घर आहे का तुम्हाला?”

मावशींनी गळ्यातली किल्ली चाचपली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “परकं न्हाई वैनी. पर माह्यार बी न्हाई तिचं. तिच्या सासूनं आत्ताच बोलून घेतलंय, आईचं घर म्हंजे निस्तं कुलूप हाय म्हनून. ते कुलूप तरी उघडाय नगं का?”

“बघू,” मी म्हणाले आणि पर्स उचलली.

मंगळवारीही बघू म्हणाले आणि बुधवारीही. मावशींनी तगादा लावला नाही. त्यांनी तगादा लावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्या रोजच्यासारख्या गार्गीला न्हाऊ घालत होत्या, कुत्र्यांची लग्नं लावत होत्या, आणि दुपारी माझ्याच जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवत होत्या. बुधवारपर्यंत सात झाली. पिशवी भरून कॉटखाली ठेवलेली. केर काढताना त्या ती बाहेर ओढायच्या, खालचा केर काढायच्या आणि पुन्हा आत सरकवायच्या.

गुरुवारी मी न्हाणीतून बाहेर येत होते. आत गार्गी त्यांच्या मांडीवर उभी राहून त्यांच्या गळ्यातली किल्ली ओढत होती.

“मावशी, तू रडतेस का?”

“शपथ हाय माझ्या अंगावर. तुज्या आईनं घातल्याली.”

“मग सुटली!” गार्गी म्हणाली. “सुटली, सुटली, सुटली.”

“तुज्या म्हनन्यानं न्हाई सुटत, बाय माझी. ज्यानं घातली त्यानंच सोडाय लागती.”

मी दाराआड केस पुसत उभी राहिले. मला शरम वाटली आणि तितकाच रागही आला. वाटलं, हिला कोंडून ठेवायचं म्हणून मी कडी लावली खरी, पण आता मलाही त्याच दाराशी बसून राहायला लागतंय. संध्याकाळी शशांकला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जाऊ दे त्या बाईला. तू ये इकडं. सोपं आहे.” मी फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. मावशी गार्गीला घेऊन बागेत गेल्या होत्या. पलीकडून एक दमलेला, कोवळा आवाज आला.

“आई हाय का?”

शालन होती. तिला मी एकदाच पाहिलं होतं, आईला भेटायला आली होती तेव्हा. सासरच्या गावातल्या बूथवरून बोलत होती. मागं कुणीतरी कानडीत घाई करत होतं.

“बाहेर गेल्यात. निरोप देऊ?”

“तिला म्हनावं, लुगडं-बिगडं काय आनू नगं. उसनंपासनं करून आनंल ती. निस्ती ये म्हनावं.” मग जरा थांबून म्हणाली, “येनार हाय न्हवं ती?”

“येणार आहेत,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. आणि निघाल्यावर, खरं सांगते, आठवडाभरात पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला.

त्याच संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरच्या इनामदार काकूंकडं गेले. त्या आठ दिवस गार्गीला बघायला तयार झाल्या. “पण आजारी-बिजारी पडली तर मला नाही हो झेपायचं,” असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. आठ दिवसांत मी दुसरी बाई शोधणार होते. कशी, ते देवालाच माहीत. शनिवारी माझी दुपारी दोनची पाळी होती, आणि शशांक चारच्या गाडीनं येणार होता. मधले दोन तास काकू. बसलं सगळं गणित.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी मावशींना देवापुढं बोलावलं. गार्गी आदल्या दिवशी उशिरापर्यंत खेळली होती म्हणून आत झोपलेलीच होती, निदान मी मावशींना तसं सांगितलं. मी म्हणाले, “मावशी, शपथ सुटली. तुम्ही जा. शालनला घेऊन या आणि तिचं सगळं नीट करा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग देवाला हात जोडले, मला जोडले, आणि खाली बसून पदर तोंडाला लावून रडल्या. “पुन्यांदा म्हना,” त्या म्हणाल्या. “दोनदा म्हनाय लागतंय.”

“सुटली. सुटली.”

सकाळभर त्या घरभर हिंडत होत्या. मला मसाल्याचा डबा कुठं ते दाखवलं. ते मला माहीत होतं, पण मी दाखवू दिलं. गार्गी कुठल्या वाटीत खाते, कुठल्या कुशीवर झोपते, किती वाजता चिडते, सगळं सांगितलं. मी तिची आई होते आणि त्यातलं निम्मं मला पहिल्यांदाच कळत होतं. दहाला गार्गी उठली, मावशींच्या हातून दोन घास खाऊन परत झोपली. दीडची एसटी होती. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पिशवी दाराशी आणून ठेवली, चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि गार्गीचा मुका घ्यायला आत गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा गार्गी त्यांच्या कडेवर होती. तिची मान त्यांच्या खांद्यावर पडलेली, डोळे अर्धे मिटलेले.

“वैनी,” मावशी म्हणाल्या, “पोरगी भाजतीया.”

मी थर्मामीटर लावला. एकशे दोनच्या वर होता.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गार्गीला माझ्याकडं दिलं नाही. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं पिशवी उचलली आणि आत, कॉटखाली, जिथं आठवडाभर होती तिथं सरकवली. मग म्हणाल्या, “न्हाई सुटली, वैनी. तुमी तोंडानं सोडली, पर ती न्हाई सुटली. बगा की. म्या उंबऱ्यात पाय ठिवला आन पोरगी तापली.”

“असं काही नसतं, मावशी,” मी म्हणाले.

“मग सकाळपतूर चांगली हुती न्हवं?”

मी थर्मामीटर झटकला.

“हुती न्हवं?”

मी घड्याळाकडं बघितलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हणाले, “मी डॉक्टरांना फोन लावते.”

डॉक्टर गल्लीतलेच, लगेच येऊन गेले. घसा सुजलाय, म्हणाले, तीन दिवस ताप राहील, गोळी द्या. दीडची एसटी गेली. मी दोनला लॅबमध्ये हजर होते.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगते. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली ती गार्गीचं अंग माझ्या दंडाला चटका लागावा इतकं गरम लागलं म्हणून. मी तेव्हाच थर्मामीटर लावला होता. एकशे एक. मी तिला तापाचं औषध दिलं, कपाळ पुसलं, आणि थर्मामीटर झटकून डबीत ठेवला. मावशींना कळलं तर त्या जाणार नाहीत, म्हणून सांगितलं नाही. देवाशप्पथ त्यांच्यासाठी सांगितलं नाही. औषधानं ताप उतरला, पोरगी झोपली, आणि मग आठ वाजता मी शपथ सोडली. दुपारी औषधाचा अंमल सरला आणि ताप परत वर आला. इतकी साधी गोष्ट. ताप आधीचा होता आणि शपथ नंतर सुटली होती. “सकाळपासूनच आहे हो ताप,” एवढं एक वाक्य बोलले असते, तर मावशींनी चपला घातल्या असत्या. निदान पुढची एसटी तरी गाठली असती. पहाटे मी त्यांच्या भल्यासाठी गप्प होते. दुपारी तशीच गप्प राहिले, फक्त भलं आता माझं होतं.

शालनला न्यायला कुणी गेलं नाही. मावशींनी भावकीतल्या एकाकडून निरोप धाडला. तिचं बाळंतपण सासरीच झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. पण सासूचा शब्द खरा ठरला तो ठरलाच. गार्गी तिसऱ्या दिवशी उठून खेळायला लागली तेव्हा मी म्हणाले, “आता तरी जा, मावशी. मी सोडलंय ना तुम्हाला.” त्या म्हणाल्या, “एकदा द्येवानं सांगितलं, वैनी. दुसऱ्यांदा त्याची परीक्षा नगं.” बारशालाही गेल्या नाहीत. पुढं शालननं फोन करणं सोडलं. मावशी करायच्या तेव्हा ती “बरी हाय” म्हणायची आणि ठेवायची.

दिवाळीआधी मी कायम झाले. गार्गी पहिलीत गेली, तिसरीत गेली, सातवीत गेली. शपथेची मुदत कधीच संपली होती. पण तोवर मावशींना जायला त्या कुलपाशिवाय कुणाचं दार उरलं नव्हतं. मैत्रिणी मला विचारायच्या, “चौदा वर्षं एकच बाई? टिकवलीस कशी गं?” मी म्हणायचे, “घरच्यासारखं वागवलं.” आणि मावशी, आल्यागेल्या प्रत्येकाला, चहाचा कप हातात देताना सांगायच्या, “आमच्या वैनीनं सोडलं हुतं मला. मनानं लई मोट्या. पर द्येवानं धरून ठिवलं.” ते ऐकून मी स्वयंपाकघरात जायचे. किती वेळा ठरवलं, आज सांगून टाकायचं. पण एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी ते दुप्पट अवघड व्हायचं. शेवटी शेवटी तर मावशींना पाणी हवं का एवढं विचारतानाही मला त्यांच्या डोळ्यांकडं बघायला नको वाटायचं.

मग त्यांचे डोळेच अधू झाले. मोतीबिंदू काढूनही नीट दिसेना. गार्गी तेव्हा बारावीत होती. तिनं माझ्या माघारी शालनचा पत्ता शोधला आणि पत्र टाकलं. एका सकाळी शालन आली. तिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, गावात आशाताई म्हणून काम करणारी बाई. घरोघरी फिरून पोरांच्या लशी, बाळंतिणी, ताप-खोकला सगळं बघायची. ती आईला न्यायला आली होती, पण आईशी दोन शब्दसुद्धा धड बोलत नव्हती. चहा घेतला, पिशवी बांधली, रिक्षा बोलवा म्हणाली.

“वैनी,” मावशी म्हणाल्या, “हिची वटी भरा. रिकाम्या पदरानं न्हाई जाऊ द्याचं.”

मी ताटात तांदूळ, नारळ, खण काढला. शालन पाटावर बसली, पदर पसरला. मी ओंजळ भरली.

“तवाबी वैनीनं सोडलंच हुतं गं मला,” मावशी म्हणाल्या. “म्या तुला सांगत आले, तू ऐकलीच न्हाईस. पाय बाहीर टाकला आन पोरगी तापली. म्या काय करनार?”

शालननं मान वर केली. आईकडं नाही, माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रोजच्या कामातलं, तपासून बघणारं बघणं होतं.

“वैनी, ताप कवा आला हुता?”

ओंजळीतले तांदूळ बोटांच्या फटीतून गळायला लागले.

“दुपारी,” मी म्हणाले.

“सकाळी कायबी न्हवतं?”

“काही नव्हतं. सकाळी खेळत होती.”

शालननं पाटाभोवती सांडलेले चार दाणे वेचून पदरात टाकले. मग तिचे खांदे सैल पडले. “मग आईचा काय दोष न्हाई,” ती हळूच म्हणाली. “म्या उगाच येवढी वर्सं...” पुढचं तिनं गिळलं. हात लांब करून आईचा हात धरला. मावशींच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“पाया पड वैनींच्या,” त्या म्हणाल्या.

मी नको नको म्हणत मागं सरले, तर मागं भिंत होती. शालननं ओटीचा पदर एका हातानं सावरला आणि वाकून दुसऱ्या हातानं माझे दोन्ही पाय शिवले. माझी ओंजळ अजून अर्धी भरलेलीच होती. मी ती तिच्या पदरात रिकामी केली.